मद्यपान आणि कौटुंबिक हिंसा : महाराष्ट्रातील स्त्री-आधारकार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही महिला समुपदेशन केंद्रात येणाऱ्या तक्रारींमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘एरवी माणूस चांगला आहे, प्यायल्यावरच मारतो.’ या वाक्यात पीडित स्त्रीने आपल्या दुःखाची केलेली मीमांसा दडलेली आहे. तिच्या दृष्टीने मारणारा हात नवऱ्याचा असला तरी दोष दारूचा आहे. त्यामुळे तिची पहिली मागणी संरक्षणाची किंवा पोटगीची नसते, ‘याची दारू सोडवा’ अशी असते. या मागणीला काय उत्तर द्यावे, हा प्रश्न स्त्रियांना आधार देणाऱ्या संस्था, पोलीस, न्यायालये आणि व्यसनमुक्ती केंद्रे यांच्यापुढे आजही उभा आहे.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. दारू हे हिंसेचे कारण आहे की निमित्त, या वादावर गेल्या सुमारे दीडशे वर्षांत समाजसुधारक, नाटककार, राज्यकर्ते, चळवळीतील स्त्रिया आणि कायदेपंडित यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा कालानुक्रमे आढावा घेतला असून, व्यसनाचा प्रश्न आणि हिंसेचा प्रश्न एकमेकांपासून केव्हा व कसे विलग झाले आणि त्याची किंमत पीडित स्त्रीला कशी मोजावी लागली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एकोणिसाव्या शतकातील पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत दारू हा महसुलाचा भरवशाचा मार्ग ठरला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारूची निर्मिती व विक्री सरकारी नियंत्रणाखाली आली आणि मक्त्याने दुकाने देण्याची पद्धत रूढ झाली. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेकडे लेखी आक्षेप नोंदविला. दारूमुळे गरीब कुटुंबांची होणारी धूळधाण हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. दारूचा प्रश्न व्यक्तीच्या नीतीपुरता न ठेवता तो शासनाच्या धोरणाशी जोडणे, हे या भूमिकेचे महत्त्व होय.

याच दशकात ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांना दोष देणाऱ्या पुरुषांच्याच दुर्गुणांची त्यात झाडाझडती घेतलेली आहे. पुरुषाच्या वर्तनाचा जाब त्यालाच विचारण्याची ही भूमिका पुढील चर्चेच्या दृष्टीने मोलाची आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. तेथे १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघटनेशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथातून त्यांनी तेथील स्त्रियांच्या संघटित कार्याची ओळख मराठी वाचकांना करून दिली. अमेरिकेतील या स्त्रियांना पतीच्या मारहाणीविषयी उघडपणे बोलणे कठीण होते. दारूविषयी मात्र त्या जाहीर सभेत बोलू शकत होत्या. घरातील हिंसेला वाचा फोडण्यासाठी दारूविरोधाचा आधार घेण्याची ही रीत पुढे भारतातही दिसून येते.

‘एकच प्याला’ : सोशिकतेचा आदर्श

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकर या बुद्धिमान वकिलाचा दारूपायी झालेला सर्वनाश आणि त्याची पत्नी सिंधू हिची शोकांतिका यांनी मराठी प्रेक्षकांच्या अनेक पिढ्या हेलावून गेल्या. मद्यपी पतीच्या पत्नीचे जे चित्र मराठी मनात ठसले, ते मुख्यतः सिंधूचे. दारिद्र्य, अपमान आणि अखेरीस स्वतःचा व बाळाचा अंत पत्करूनही ती पतीविरुद्ध शब्द काढीत नाही.

याच नाटकात तळीरामाची बायको गीता हीदेखील आहे. नवऱ्याच्या व्यसनाविषयी ती फटकळपणे बोलते. तथापि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली ती सिंधूच. मद्यपी पतीला सांभाळून घेणारी, त्याला सुधारण्यासाठी झिजणारी पत्नी हा आदर्श घरोघरी मान्य झाला. आजही व्यसनी पुरुषाच्या पत्नीला माहेर व सासर या दोन्हीकडून ‘तूच त्याला सांभाळून घे’ असा जो सल्ला मिळतो, त्याची सांस्कृतिक मुळे या आदर्शात शोधावी लागतात. यात सुधारणेची जबाबदारी, ज्याने व्यसन केले त्याच्याऐवजी जिने मार खाल्ला तिच्यावर येऊन पडते.

दारूबंदीचे राज्य आणि घराचा उंबरठा

१९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. १९३० च्या सविनय कायदेभंगात स्त्रियांनी मोठ्या संख्येने दारूच्या गुत्त्यांवर पहारे दिले. दुसरीकडे संत गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून खेडोपाडीच्या श्रोत्यांना दारू सोडण्याचे आवाहन केले. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत होऊन १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी आली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून परवान्यांच्या मार्गाने ती शिथिल होत गेली.

या अधिनियमाचे कलम ८५ या संदर्भात लक्षणीय आहे. रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत असणे व बेशिस्त वर्तन करणे हा त्या कलमान्वये गुन्हा ठरतो. म्हणजे झिंगलेला मनुष्य चौकात सापडला तर तो कायद्याच्या कक्षेत येई. तोच मनुष्य घराचा उंबरठा ओलांडून आत गेला की त्या घरातील स्त्रीच्या वाट्याला काय येते, याविषयी हे कलम मूक होते. दारूबंदीचे समर्थन कुटुंबकल्याणाच्या नावाने झाले, परंतु कुटुंबातील मारहाण ही स्वतंत्र बाब म्हणून कायद्याने विचारात घेतली नाही. भारतीय दंड संहितेत पती व त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या क्रूरतेसंबंधीचे कलम ४९८-अ दाखल होण्यास १९८३ साल उजाडावे लागले.

शहाद्याचा अनुभव

दारू आणि मारहाण या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी भिडण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत लक्षणीय प्रयत्न तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात झाला. हा तालुका आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि पुढे श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली भिल्ल आदिवासी शेतमजूर जमीन, मजुरी व अत्याचार या प्रश्नांवर संघटित झाले. १९७२ चा दुष्काळ याच सुमाराचा. या लढ्यात स्त्रिया आघाडीवर होत्या. त्यांच्या बैठकांतून नवऱ्याची दारू आणि मारहाण हे विषय पुढे आले. त्यानंतर स्त्रियांचे जथे गावोगाव जाऊन दारूच्या भट्ट्या उद्ध्वस्त करू लागले आणि मडकी फोडू लागले.

ही कृती मडकी फोडण्यापुरती थांबली नाही, हे शहाद्याचे वैशिष्ट्य होय. बायकोला मारणाऱ्या पुरुषाला स्त्रिया एकत्र येऊन गावासमोर जाब विचारीत आणि त्याला पत्नीची जाहीर माफी मागावयास लावीत. येथे ‘प्यायला होता म्हणून मारले’ ही सबब टिकत नव्हती. दारूच्या पुरवठ्यावर घाव घातला गेला आणि मारणाऱ्याला त्याच्या कृत्याबद्दल स्वतंत्रपणे जबाबदारही धरले गेले. कोणत्याही सिद्धान्ताचा आधार न घेता या स्त्रियांनी दोन प्रश्नांची जी सांगड घातली, ती पुढील काळातील संस्थात्मक कार्यात मात्र सुटलेली दिसते.

दोन वाटा : समुपदेशन केंद्र आणि व्यसनमुक्ती केंद्र

१९७५ नंतर महाराष्ट्रात स्त्रीमुक्ती चळवळीला वेग आला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटना, पुण्यात १९८२ पासून नारी समता मंच यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस यंत्रणेच्या आत बसून पीडित स्त्रीच्या बाजूने काम करतात, ही कल्पना त्यातून रुजली. या प्रवाहाची वैचारिक भूमिका स्पष्ट होती. मारहाणीचे मूळ पुरुषसत्तेत आहे आणि दारू हे निमित्त आहे. मालकाला किंवा फौजदाराला न मारणारा मनुष्य नेमका घरी येऊनच बायकोला मारतो, यावरून त्याचे भान पूर्णपणे सुटलेले नसते, असा हा युक्तिवाद होता.

दुसरी वाट व्यसनमुक्तीची. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या स्वमदत गटाने मद्यासक्ती हा आजार आहे, हा विचार जगभर नेला. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा गट १९५१ मध्ये निघाला. महाराष्ट्रात डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. रुग्णाला दोष न देता उपचार देणे, ही या प्रवाहाची मोठी देणगी होय. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवून मुक्तांगणने त्यांच्याही मनाचा विचार केला.

दोन्ही वाटांनी मोलाचे कार्य केले, हे निर्विवाद आहे. परंतु दोन्हींच्या भाषेत अंतर पडले. एकीकडे पुरुष हा ‘अत्याचारी’, दुसरीकडे तो ‘रुग्ण’. एकीकडे स्त्री ‘पीडित’, दुसरीकडे ती उपचारातील ‘सहकारी’. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात १९४० आणि १९५० च्या दशकांत मद्यपीच्या पत्नीच्याच स्वभावात दोष शोधणारी मते प्रचलित होती. जोन जॅक्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १९५४ मध्ये या पत्नींचे वर्तन हे दीर्घकालीन ताणाला दिलेले उत्तर आहे, असे दाखवून दिले. तरीही पत्नीने कटकट केली म्हणून पती पुन्हा प्यायला, ही समजूत नाहीशी झाली नाही.

या विभागणीचा परिणाम पीडित स्त्रीला भोगावा लागला. समुपदेशन केंद्रात तिने दारूचा विषय काढला की तो दुय्यम ठरे. व्यसनमुक्ती केंद्रात तिने मारहाणीचा विषय काढला की तो उपचारानंतर आपोआप संपेल, असे गृहीत धरले जाई. दोन दारांमध्ये ती उभी राही आणि तिचा निम्मा प्रश्न प्रत्येक दाराबाहेर राही.

सर्वेक्षणांनी दोन्ही भूमिकांची मर्यादा दाखवून दिली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) ज्यांचे पती वारंवार नशेत असतात अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. ज्यांचे पती मद्यपान करीत नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. पहिला आकडा सांगतो की, दारू हा हिंसेचा धोका मोठ्या प्रमाणात वाढविणारा घटक आहे. त्याला केवळ निमित्त म्हणून बाजूला सारता येत नाही. दुसरा आकडा सांगतो की, दारूचा थेंबही नसलेल्या घरांतही मारहाण होते. दारू गेली म्हणजे हिंसा जाईल, ही खात्री देता येत नाही.

कायद्याची भूमिका

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शारीरिक हिंसेबरोबर आर्थिक छळाचाही समावेश आहे. घरातील वस्तू व स्त्रीधन यांची विल्हेवाट लावणे हे आर्थिक छळात मोडते. दारूसाठी भांडीकुंडी विकणे, मंगळसूत्र गहाण टाकणे, किराण्याचे पैसे हिसकावणे या मद्यपीच्या घरातील नित्याच्या घटना या कायद्यामुळे प्रथमच हिंसा म्हणून ओळखल्या गेल्या. कलम १८ अन्वये संरक्षण आदेश, कलम १९ अन्वये निवासाचा आदेश आणि कलम २० अन्वये आर्थिक साहाय्य मागता येते. संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या अधिनियमाखालील २००६ च्या नियमांतील नियम १४ समुपदेशनासंबंधी आहे. हिंसेच्या कृत्याचे कोणतेही समर्थन समुपदेशनात करता येणार नाही, हे प्रतिवादीला कार्यवाहीच्या आरंभीच सांगावे, असे त्यात नमूद आहे. ‘नशेत होतो’ हेही एक समर्थनच होय. भारतीय दंड संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्येही स्वेच्छेने केलेल्या नशेला बचाव म्हणून सर्वसाधारण मान्यता नव्हती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच तत्त्व कलम २३ व २४ मध्ये कायम राहिले आहे. दुसरीकडे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. म्हणजे व्यसनी पुरुषाला उपचाराचा हक्क आहे, परंतु त्या आजाराच्या आधारे मारहाणीतून सुटका नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे कायद्याने मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा.

सामूहिक दारूबंदीचे यश आणि मर्यादा

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या लोकचळवळीमुळे १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी लागू झाली. २००८ च्या शासन आदेशाने गावातील वा प्रभागातील महिला मतदारांना गुप्त मतदानाद्वारे दारूचे दुकान बंद करण्याचा मार्ग खुला झाला. ‘आडवी बाटली’ हे दुकान बंदीचे चिन्ह ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आवश्यक असल्याने ही लढाई सोपी नव्हती. मजुरी बुडवून, कधी नवऱ्याचा रोष पत्करून स्त्रिया मतदानाला आल्या.

आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावातून १९९२ मध्ये सुरू झालेली स्त्रियांची अरक-विरोधी चळवळ १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदीपर्यंत पोहोचली, पण १९९७ मध्ये बंदी उठली. चंद्रपूर जिल्ह्यातही स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली आणि अवैध विक्री व महसुलाच्या चर्चेत मे २०२१ मध्ये ती उठविण्याचा निर्णय झाला. या घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बंदीचा निर्णय शासन घेते व शासनच मागे घेते. ज्या स्त्रीची सुरक्षितता केवळ बंदीवर अवलंबून ठेवली गेली, तिच्यासाठी बंदी उठल्यानंतर कोणती व्यवस्था उरते, हा प्रश्न या चर्चांत क्वचितच विचारला गेला. शिवाय मोहाची किंवा हातभट्टीची दारू गाळून पोट भरणाऱ्या स्त्रियाही याच समाजात आहेत. त्यांच्या पर्यायी उपजीविकेचा विचार बहुधा मागे राहिला.

आधारकार्यासाठी बोध

वरील इतिहासाच्या आधारे आधारकार्यासंबंधी काही सूत्रे मांडता येतात.

१) दोन प्रश्न, दोन उपाय : दारू सुटली म्हणजे मारहाण संपली असे मानू नये. उपचारास संमती दिली म्हणून तक्रार मागे घेण्याचा आग्रह स्त्रीला करू नये. पुरुषाचे उपचार आणि स्त्रीचे संरक्षण या गोष्टी समांतर चालाव्यात.

२) स्वतंत्र संवाद : व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होणाऱ्या पुरुषाच्या पत्नीशी एकांतात बोलून मारहाणीची विचारपूस व्हावी. पतीसमोर विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते आणि घरी परतल्यावर त्याची शिक्षा तिला होऊ शकते.

३) सुरक्षेची आखणी : पगाराचा दिवस, आठवडी बाजार, सण, निवडणुका हे धोक्याचे दिवस स्त्रीला ठाऊक असतात. कागदपत्रे, थोडे पैसे व मुलांचे कपडे कोठे ठेवावेत, कोणत्या शेजारणीकडे जावे, हे तिच्याशी आधीच ठरवावे. नशेत असलेल्या पुरुषाशी त्याच वेळी वाद घालू नये, हा सल्लाही यात येतो. तथापि मार बसल्यास दोष तिचा नाही, हे त्याबरोबरच सांगणे आवश्यक आहे.

४) वैद्यकीय जाण : नियमित मद्यपान एकाएकी थांबविल्यास दोन-तीन दिवसांत थरकाप, भ्रम, झटके अशी गंभीर लक्षणे उद्भवू शकतात. त्यामुळे ‘घरात कोंडून दारू सोडवा’ हा सल्ला घातक आहे. तसेच ‘न कळत अन्नातून देण्याचे औषध’ या जाहिरातींना अनेक स्त्रिया बळी पडतात. दारूशी विपरीत प्रतिक्रिया घडविणारे डायसल्फिराम हे औषध रुग्णाच्या नकळत दिल्यास जिवावर बेतू शकते आणि ते उघडकीस आल्यास मारहाणीची आपत्ती स्त्रीवरच कोसळते.

५) व्यसनी स्त्रीचा विचार : मार सहन करता करता स्वतः व्यसनात गुंतलेल्या स्त्रीला समाजात दुहेरी कलंक सोसावा लागतो. तिच्या व्यसनाचा दाखला देऊन मारहाणीचे समर्थन केले जाते. संरक्षणाचा तिचा हक्क तिच्या व्यसनामुळे कमी होत नाही, ही जाणीव आधारगृहे व पोलीस ठाणी यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

निष्कर्ष

फुले यांनी दारूचा प्रश्न शासनाच्या दारी नेला, गडकरींनी तो घराच्या शोकांतिकेत पाहिला, १९४९ च्या कायद्याने तो रस्त्यावर रोखण्याचा प्रयत्न केला आणि १९८० च्या दशकातील संस्थांनी तो ‘आजार’ व ‘अत्याचार’ अशा दोन खात्यांत विभागला. या सर्व टप्प्यांत दारू की पुरुषसत्ता, असा पर्याय मांडला गेला. पीडित स्त्रीच्या अनुभवात मात्र हा पर्याय कधीच नव्हता. तिच्या घरात दोन्ही गोष्टी एकाच दारातून येत होत्या.

शहाद्याच्या स्त्रियांनी मडके फोडले आणि नवऱ्यालाही जाब विचारला. एका कृतीमुळे दुसरी अनावश्यक ठरते, असे त्यांनी मानले नाही. महिला समुपदेशन केंद्रे आणि व्यसनमुक्ती केंद्रे यांच्यात परस्पर संदर्भसेवा, संयुक्त प्रशिक्षण आणि नोंदींची समान पद्धत निर्माण झाल्यास त्या अनुभवाला संस्थात्मक रूप मिळू शकेल. ‘याची दारू सोडवा’ असे म्हणत येणाऱ्या स्त्रीची मागणी खोडून काढण्याचे कारण नाही. ती ऐकून घ्यावी आणि तिने न मागितलेली गोष्ट, म्हणजे तिची स्वतःची सुरक्षितता, तिच्यापुढे हक्क म्हणून ठेवावी, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.